कागदावर राहिलेली विमाने



या व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफायला आपण होमिओपॅथीच्या एका डॉक्टरला बोलावलेत, ही आपली मोठी जोखीम आहे. विषय ऐकून कार्यवाह थोडे गोंधळले होते. 'हवाई दलाची न झालेली शिकाऊ जेट विमाने' असे मी फोनवर सांगितले, तेव्हा पलीकडून प्रश्न आला, "डॉक्टर, न झालेल्या गोष्टीचा इतिहास कसा असतो?" आजचे व्याख्यान म्हणजे या प्रश्नाला दिलेले उत्तर समजा.

आमच्या शास्त्रात केसपेपरला फार महत्त्व. रोग्याला काय होते याबरोबरच काय होत नाही, कोणते दुखणे आले आणि आपसूक गेले, कोणते औषध लिहिले पण घेतलेच नाही, हे सगळे टिपून ठेवावे लागते. देशाचेही तसेच असावे. कोणती विमाने उडाली यावरून देशाची प्रकृती कळते, आणि कोणती कागदावरच राहिली यावरून त्याची व्याधी कळते.

सुरुवात घरापासून करतो. निपाणीहून संकेश्वर आणि तिथून गडहिंग्लजची वाट धरली की त्या मुलखात हसूरचंपू नावाचे गाव लागते. आपल्यापैकी अनेकांचे सोयरे तिथे असतील. २४ ऑक्टोबर १९०८ रोजी या गावात विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. आज सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपण कितीही भांडत असलो, तरी घाटग्यांचे गाव या मंडळाच्या दारापासून मोटारीने काही तासांत जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. हा गृहस्थ जर्मनीत ग्योटिंगेनला गेला आणि लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून १९३६ च्या सुमारास डॉक्टरेट घेऊन आला. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया घालणारा माणूस. वाहती हवा विमानाच्या पंखाला अगदी लगटून जाते तिथे तिचा एक पातळ थर कसा वागतो, हे त्यांनी १९०४ साली मांडले आणि उड्डाणाचे गणित त्यानंतर बदलून गेले. त्या गुरूच्या पायाशी बसलेला हा आपल्या मुलखातला शिष्य.

दुसरे नाव वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या जैन घराण्यातल्या या उद्योगपतीने म्हैसूर सरकारला सोबत घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' ही कंपनी काढली. तिथे १९४१ साली जुळवून उडवलेले पहिले विमान होते हार्लो पीसी-५, म्हणजे अमेरिकन बनावटीचे शिकाऊ विमान. हा योगायोग लक्षात ठेवा. आपल्या विमान उद्योगाने पहिले पाऊल टाकले ते शिकवणाऱ्या विमानाने. १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत सरकारने हा कारखाना आपल्या हाती घेतला आणि वालचंद बाजूला झाले. घाटगे मात्र सुरुवातीच्या भारतीय अभियंत्यांपैकी एक म्हणून तिथे रुजले. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि तो उभा करण्यातही त्यांचा हात होता. सकाळी शिकवायचे आणि संध्याकाळी आराखडे काढायचे, अशी ती पिढी होती.

आता थोडे तांत्रिक बोलतो, पण घाबरू नका. लढाऊ विमानाच्या वैमानिकाचे शिक्षण तीन इयत्तांचे असते. पहिल्या इयत्तेत साधे, हळू, पंख्याचे विमान. दुसरीत जेट, म्हणजे वेगाची आणि उंचीची ओळख. तिसरीत प्रगत जेट, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी 'एजेटी' म्हणतात. तिथे मुलगा लढाऊ विमानाच्या जवळपास जाईल इतक्या वेगाने वळायला, निशाणा साधायला आणि उतरायला शिकतो. तिसरी इयत्ता गाळली की मुलगा दुसरीतून थेट मॅट्रिकला बसतो. आमच्या निपाणीतल्या शाळेत असे कोणी केले असते तर मास्तरांनी पालकांना बोलावून घेतले असते. आपल्या देशाने ते वर्षानुवर्षे केले. मिग-२१ हे विमान ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीला टेकते. शिकाऊ जेटवरून उतरून त्यात बसणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाची कल्पना करा.

घाटग्यांनी शिडी पहिल्या पायरीपासून बांधायला घेतली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे पंख्याचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. आपणच आखले, आपणच बांधले आणि आपल्याच मुलांनी त्यावर उडायला शिकले. दीडशेहून अधिक एचटी-२ बनली, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या घानानेही काही विकत घेतली. मग दुसरी पायरी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच चमूने जेट शिकाऊ विमान आखायला घेतले, आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडवले. तेच एचजेटी-१६, ज्याला आपण 'किरण' म्हणतो.

किरणचे जगभरचे भाऊबंद सांगतो. फ्रान्सचे फूगा मॅजिस्टर १९५२ चे, ब्रिटनचे जेट प्रोव्होस्ट आणि अमेरिकेचे सेस्ना टी-३७ ही दोन्ही १९५४ ची, इटलीचे एमबी-३२६ हे १९५७ चे, चेकोस्लोव्हाकियाचे एल-२९ हे १९५९ चे. दहाएक वर्षांत जगातल्या प्रत्येक हुन्नरी देशाने आपापले शिकाऊ जेट करून पाहिले. किरणचा तोंडवळा जेट प्रोव्होस्टशी जुळतो. दोघांत गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसतात, दोघांचे इंजिन ब्रिटिश 'व्हायपर'. शेजारी बसण्याचा फायदा असा, की शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा आणि हात दिसतो. नाडी बघायची तर रोगी समोर हवा, तसेच हे. पुढे-मागे बसण्याची रीत लढाऊ विमानाला जवळची, म्हणून पुढच्या इयत्तेत ती आली.

या कुटुंबात न जन्मलेल्यांची आणि अल्पायुषी मुलांची संख्याही मोठी आहे. ब्रिटनमध्ये 'माइल्स स्टुडंट' नावाचे सुबक शिकाऊ जेट १९५७ साली उडाले, पण हवाई दलाने जेट प्रोव्होस्ट घेतले आणि स्टुडंट एकुलते एक राहिले. तेव्हा न झालेली विमाने ही काही आपलीच मिरास नाही. श्रीमंत देशांच्या कपाटांतही असे आराखडे पडून आहेत. त्यांच्याकडे एक मेले तर शेजारच्या टेबलावर दुसरे वाढत असे, आणि आपल्याकडे टेबलच एक. फरक एवढाच.

किरणचीच एक बाजू फारशी सांगितली जात नाही. या विमानासाठी बंगळूरच्या इंजिन विभागाने स्वतःचे जेट इंजिन आखले होते. त्याचे नाव एचजेई-२५००. २५०० पौंड रेट्याचे इंजिन, व्हायपरच्या जागी बसेल असे. थोडे नमुने तयार झाले, चाचणीच्या ओट्यावर चाललेही, पण ते किरणच्या पोटात कधी बसले नाही. पुढे 'किरण मार्क-२' साठी पुन्हा ब्रिटिश बनावटीचेच 'ऑर्फियस' इंजिन घेतले आणि ते विमान १९७६ साली उडाले. शरीर आपले आणि हृदय उसने, ही आपल्या विमानांची जुनी व्याधी. पुढच्या केसपेपरांवर हेच लक्षण परत परत दिसेल.

त्याच आवारात जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली 'मरुत' हे लढाऊ विमान तयार होत होते. त्याची दोन आसनांची शिकाऊ आवृत्ती एप्रिल १९७० मध्ये उडाली आणि अठरा विमाने बनली. त्याआधी तीन महिने, १० जानेवारी १९७० रोजी, मरुतच्याच एका सुधारित आवृत्तीच्या चाचणीत सुरंजन दास यांचे बंगळूरला अपघाती निधन झाले होते. बंगळूरच्या जुन्या विमानतळाकडे जाताना सुरंजन दास रस्ता लागतो. आपल्यापैकी अनेकांची मुले त्या रस्त्याने रोज ऑफिसला जात असतील. जाता-येता नाव वाचतील तेव्हा आठवण असू द्या, की किरण पहिल्यांदा आकाशात नेणारा माणूस तो.

आता न झालेल्यांची यादी घेऊ.

१९८२ साली एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीने हवाई दलाला प्रगत शिकाऊ जेट हवे, असे स्पष्ट सांगितले. तिसरी इयत्ता उघडा, असे तो अहवाल म्हणत होता. गंमत म्हणजे त्याच वर्षी बंगळूरला 'अजित' या छोट्या लढाऊ विमानाची दोन आसनांची शिकाऊ आवृत्ती उडाली होती. अजित हे ब्रिटिश 'नॅट'चे आपण सुधारलेले रूप, आणि नॅटच्याच दोन आसनी आवृत्तीवर ब्रिटनने आपले वैमानिक वर्षानुवर्षे घडवले होते. आपला पहिला नमुना त्याच वर्षी अपघातात गेला. नंतर नमुने झाले, पण गाडी त्यापुढे सरकली नाही.

पहिल्या इयत्तेसाठी 'दीपक' हे पंख्याचे विमान १९७७ मध्ये उडाले होते. त्याला टर्बोप्रॉप इंजिन बसवून केलेले एचटीटी-३४ हे १९८४ साली उडाले. ते कोणी मागवले नाही. त्यानंतरचे एचटीटी-३५ तर पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीपर्यंत आले. लोकांनी पाहिले, फोटो काढले, आणि ते तिथेच थांबले. दीपक मात्र चालू राहिले. त्याच्या सेवाकाळात १७ अपघातांत १९ वैमानिक गेले, आणि २००९ च्या जुलैतल्या अपघातानंतर ते जमिनीवर बसवले. पहिल्या इयत्तेचे विमान गेल्यावर नवख्या मुलांना थेट दुसरीच्या किरणवर बसवावे लागले, आणि अखेर २०१२ मध्ये स्वित्झर्लंडकडून ७५ पिलाटस विमाने मागवली.

एचटीटी-३५ झाले असते तर हे १९ जण वाचले असते, असे मला म्हणायचे आहे का? नाही. जे औषध रोग्याला दिलेच नाही, त्याने गुण आलाच असता, असे म्हणणारा डॉक्टर खोटारडा. न झालेल्या विमानालाही दोष असतेच, फक्त ते उघडे पडले नाहीत. कागदावरचे विमान कधीच पडत नाही, आणि त्याचा मोह पडतो तो त्यामुळेच. पण एक गोष्ट ठामपणे सांगता येते. पर्याय तयार होत होते, ते मधेच सोडले, आणि पुन्हा गरज पडली तेव्हा हाताशी काही नव्हते.

दुसऱ्या इयत्तेचेही तसेच. किरणचा वारस एचजेटी-३६ 'सितारा' ७ मार्च २००३ रोजी उडाला. किरणच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा ३८ वर्षे उलटून गेली होती. किरण आखणारे हात या काळात निवृत्त झाले आणि घाटगे १९९१ मध्ये निवर्तले. सिताराचे इंजिन आधी फ्रेंच होते, मग रशियन ठरले. विमान गिरकीत सापडले तर शिकाऊ मुलाच्या हातूनही ते बिनचूक बाहेर यायला हवे, ही शिकाऊ विमानाची खरी परीक्षा. त्या परीक्षेत सितारा अडखळला, शेपटी बदलावी लागली, गिरकीच्या चाचण्या पार पडायला २०२० नंतरचा काळ उजाडला. २०२५ मध्ये त्याचे 'यशस' असे नवे बारसे झाले. शाळेत मात्र अजून किरणच शिकवतो आहे. सत्तरीकडे झुकलेल्या मास्तरला मुदतवाढ देत राहावी, तशी ही अवस्था.

तिसऱ्या इयत्तेसाठी २००५ साली बंगळूरच्या विमान प्रदर्शनात एचजेटी-३९ हा प्रगत जेटचा प्रस्ताव मांडला गेला. तोही कागदावरच राहिला, कारण तोवर निर्णय झाला होता. २६ मार्च २००४ रोजी ब्रिटनच्या 'हॉक' विमानांचा करार झाला होता. एकूण ६६ विमाने, त्यांतली २४ तयार यायची आणि ४२ बंगळूरला बांधायची. पहिली हॉक विमाने फेब्रुवारी २००८ मध्ये आपल्याच राज्यात, बिदरच्या तळावर रुजू झाली. १९८२ ची शिफारस आणि २००४ चा करार, यांत २२ वर्षे गेली.

त्या २२ वर्षांतली एकच तारीख सांगतो. १७ सप्टेंबर २००१. राजस्थानात सूरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले आणि ते गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी दुःख उरात न ठेवता देशापुढे प्रश्न मांडला, की आमच्या मुलांना पुरेसे शिकवून, पुरेशा सुरक्षित यंत्रात तुम्ही पाठवता का? एका मराठी आईने विचारलेला हा प्रश्न त्या वेळी वर्तमानपत्रांतून गाजला. हॉकच्या कराराला एकाच कारणाचे श्रेय देणे इतिहासाला धरून होणार नाही. तरी हा आवाज त्या काळाच्या केसपेपरवर नोंदवलाच पाहिजे.

मग दोष कोणाचा? इथे माझ्या घरची शिकवण कामी येते. आम्हा जैनांना लहानपणी अनेकांत शिकवतात. हत्तीचे पाय चाचपणारा आणि सोंड चाचपणारा, दोघांचेही आपापल्यापुरते खरे. हवाई दल म्हणते, आमच्याकडे दर सहामाहीला नवी तुकडी येते, तिला कारखान्याचे विमान तयार होईपर्यंत घरी बसवू काय? खरे आहे. कारखाना म्हणतो, तुम्ही पक्की मागणी देत नाही, दिली तर मधेच अटी बदलता, मग आम्ही कोणाच्या भरवशावर बांधायचे? तेही खरे आहे. अर्थखाते म्हणते, लढाऊ विमानांनाच पैसे पुरत नाहीत, शिकाऊ विमान पुढच्या वर्षी पाहू. तेही त्यांच्या जागी खरे. पण तिन्ही खरी मिळून जे झाले, ते चूक झाले. माझे निदान विचाराल तर ते तीन ओळींत मावते. इंजिन उसने. मागणी अनिश्चित. आणि एका विमानापासून दुसऱ्यापर्यंत इतके अंतर, की शिकलेले हात पुढच्या हातांना काही देऊ शकले नाहीत. यातली तिसरी व्याधी सर्वांत जुनाट आणि सर्वांत दुर्लक्षित.

या विषयावरून मला बस्तीत एकाने टोकलेही होते. "डॉक्टर, पाण्याच्या गाळणीबद्दल बोलणारे तुम्ही, लष्करी विमानांत कुठे रमलात?" प्रश्न रास्त आहे. आमच्या शास्त्रांनी गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा ही संकल्पी हिंसेहून वेगळी धरली आहे. पण मी तिथवर जात नाही. माझे उत्तर साधे आहे. शिकाऊ विमानाचे पहिले काम आपल्याच मुलाला जिवंत परत आणणे हे आहे. त्याविषयी आस्था ठेवायला कोणत्याच धर्माची आडकाठी नसावी.

शेवटी पुन्हा घरी येतो. सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात बांधला गेला आणि आज तिथे वायुसैनिकांची शाळा आहे. माझ्या दवाखान्यात येणारे एक निवृत्त वायुसैनिक किरणच्या इंजिनाची देखभाल करत असत. या विषयाची गोडी मला त्यांनी लावली. गुडघ्याचे औषध घ्यायला येत आणि औषध राहायचे बाजूला, व्हायपर इंजिनाच्या गोष्टी चालायच्या. निपाणीहून बेळगावला येताना हत्तरगीचा टोलनाका लागतो, तिथेच 'एक्वस'ची औद्योगिक वसाहत आहे. आपल्या हुक्केरी-संकेश्वरकडची मुले तिथे यंत्रावर बसून एअरबसच्या विमानांचे सुटे भाग काढतात. मला त्याचा अभिमान आहे. पण ते भाग दुसऱ्याने आखलेल्या नकाशाबरहुकूम बनतात. तिथून काही मैलांवरच्या हसूरचंपूचा माणूस शंभर वर्षांपूर्वी शाळेत जात होता, आणि पुढे त्याने नकाशाच स्वतः काढला.

सगळेच निराशेचे नाही. एचटीटी-४० हे पहिल्या इयत्तेचे विमान असेच कागदावर मरणार, असे अनेकांनी धरून ठेवले होते. हवाई दलाला ते नको होते. कारखान्याने स्वतःचे पैसे घातले, ३१ मे २०१६ रोजी ते उडवले, गिरकीच्या परीक्षेतून पार केले, आणि २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला. इंजिन अजून अमेरिकन आहे. पण ७० वर्षांपूर्वी एचटी-२ ने ज्या पायरीवर पाय ठेवला होता, ती पायरी परत सापडली. त्याच वर्षी बंगळूरच्या प्रदर्शनात एचएलएफटी-४२ या नव्या प्रगत शिकाऊ जेटची प्रतिकृती मांडली गेली. ते उडेल की एचजेटी-३९ च्या शेजारी जाऊन बसेल, हे आजच्या शाळकरी मुलांना दिसेल.

बंगळूरला विमान कारखान्याच्या सभागृहाला घाटग्यांचे नाव आहे. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पण आपल्या भागातल्या किती शाळांच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे? मंडळाला माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या वर्षी एखाद्या शनिवारी दहावीची मुले घेऊन हसूरचंपूला जाऊ. तिथे काही बघायला मिळेल असे नाही. पण याच मातीत चालत शाळेला जाणाऱ्या एका मुलाने देशाला उडायला शिकवणारी विमाने आखली, एवढे त्या मुलांना त्याच मातीवर उभे राहून ऐकू दे. मोटारींचे भाडे मी देतो.